चंद्राचा पंधरवडा नव्हे

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी मला एक जुनीच विदा (डेटा) दिली. "उत्तर छापून आलंय म्हणून सोपं समजू नकोस. मुळापासून काढ."

2020 साली सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत महाकाय कृष्णविवराने एक तारा फाडला, ती ही घटना : एटी2020ओसीएन. खगोलशास्त्रज्ञ धीरज पाशम आणि सहकाऱ्यांनी अंतराळ स्थानकावरच्या 'नायसर' दुर्बिणीने तिच्यातले क्ष-किरण महिनोन्‌महिने मोजले आणि 2024 मध्ये ते काम 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं.

त्या दुपारी माझ्या आलेखात दर 15 दिवसांनी येणारा उंचवटा स्वच्छ दिसला, आणि मला आनंदाआधी धास्ती वाटली. 15 दिवस म्हणजे पंधरवडाच! शुक्ल-कृष्ण पक्ष ऐकत वाढलेल्या माणसाला चंद्र आठवणारच. त्यात नायसर चित्र काढत नाही, त्या दिशेने आलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, नुसते मोजते. परका प्रकाश मिसळला तर तो निवडून काढणं कठीण.

निर्देशांक पाहिले. जागा सप्तर्षींमध्ये, वसिष्ठ आणि मरीचीच्या थोडी पूर्वेला. क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उत्तर 54 अंश. चंद्र 29 अंशांपलीकडे चढतच नाही, तो तिथे पोहोचणार कसा? मग पार्श्वभूमीचे आकडे वेगळे काढून तपासले. त्यात 15 दिवसांचा मागमूस नव्हता. संध्याकाळ होऊन गेली होती, डबा तसाच होता.

फाटलेल्या ताऱ्याचा साधारण निम्मा ऐवज निसटतो, उरलेला कृष्णविवराभोवती फिरत त्याची तबकडी बनते. तारा तिरक्या वाटेने आला असेल तर तबकडीही तिरकी. फिरणारं कृष्णविवर भोवतालचं अवकाश-काल आपल्यासोबत ओढतं (लेन्झे आणि थिरिंग यांनी हे 1918 मध्येच गणिताने मांडलं होतं) आणि तबकडी भोवऱ्याच्या आसासारखी डोलते. तिचं तोंड आपल्याकडे वळतं तसे क्ष-किरण वाढतात, तापमानही बदलतं. त्या डोलण्यावरून कृष्णविवराच्या फिरण्याचा वेग निघतो : प्रकाशवेगाच्या पाव हिश्श्याहून कमी. ज्यातून काहीच बाहेर येत नाही त्याची गिरकी त्याच्या उष्ट्या-खरकट्यावरून मोजायची, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मॅडमनी चंद्राचं गणित दोनदा वाचलं. मग आलेखाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. तिथे उंचवटे विरत गेले होते.

"हे डोलणं थांबलं कसं, ते उद्यापासून."