मोजणीच्या टेबलावरून

रविवार, हंगामाचा सण. अहिल्यानगर. रात्रीचे साडेदहा.

आज चर्चमधली उपासना आणि त्यानंतर अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव आटोपेपर्यंत दोन वाजले, आणि मोजणी करून वही बंद करायला साडेचार. एक लाल भोपळा ४,२०० रुपयांना गेला; घेणाऱ्याने तो परत टेबलावर ठेवला, म्हणून दुसऱ्यांदा १,८०० ला गेला. कोंबडा, अंड्यांची पाटी, बाजरीची कणसे, कुणाच्या परसातल्या दोन पपया, सगळ्यांनाच चढी बोली लागली आणि मंडळी पोट धरून हसत होती. खजिनदार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. परंतु निघताना पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी दानाविषयी चार शब्द तुम्हीच बोला," आणि तेव्हापासून माझे लक्ष कशातच लागत नाही.

लिलावात सैल सुटलेला हात वर्गणीच्या पाकिटापाशी आखडतो, हे मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. हजारांची बोली लावणाऱ्या काही जणांच्या पाकिटातून महिन्याला शंभराचीच नोट निघते. त्यांना मी दोष देत नाही, कारण भोपळा चारचौघांत घेता येतो आणि पाकीट बंद असते. पण भोपळा वर्षातून एकदाच येतो. पाळकांचा पगार, विजेचे बिल आणि डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताला, पाठवायचा हिस्सा मात्र दर महिन्याला उभा असतो, आणि कब्रस्तानाची भिंत तर दोन पावसाळ्यांपासून आमची वाट पाहत आहे.

चार शब्द बोलण्याचा माझा पूर्वानुभव चांगला नाही. काही वर्षांपूर्वी मी वर्गणीच्या थकबाकीची यादी नावांसह उपासनेत वाचून दाखवली होती. त्या तिमाहीत जवळजवळ सगळी बाकी वसूल झाली आणि कमिटीने माझे कौतुकही केले. मात्र तिसऱ्या बाकावर बसणारी, घरोघरी स्वयंपाकाची कामे करणारी एक विधवा त्या रविवारनंतर वर्षभर फिरकली नाही. तिच्या वर्गणीच्या कार्डावर पाच महिने कोरे होते, हे खरे. पण दर रविवारी उपासनेत दानासाठी फिरणाऱ्या मखमली थैलीतून आठ घड्या घातलेली दहाची एक नोट निघत असे, आणि ती आल्यापासून निघू लागलेली ती नोट तिचीच, हे मला ठाऊक होते, कारण ती घडी नखाने उलगडण्याचे काम माझ्याकडेच असे. थैलीतले पैसे कुणाच्या नावावर जमा होत नाहीत. त्यामुळे दर आठवड्याला देणारी बाई माझ्या वहीत थकबाकीदार ठरली, आणि वही बरोबर असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही.

दानाच्या रविवारी बहुधा बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली ती दरिद्री विधवा आठवली जाते, जिने आपल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी, होते नव्हते ते सगळे, मंदिराच्या भांडारात टाकले. तिच्याकडे पाहा आणि द्या, असे आपण सांगतो. पण त्याच्या लगेच आधी येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलत आहे, याकडे आपण सहसा वळत नाही. मला तर आता वाटते की तो उतारा देणाऱ्यांइतकाच पैसे मोजणाऱ्यांसाठीही आहे.

संध्याकाळी बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय पुन्हा वाचले. यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करत आहे. मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांनी, किती दिले हे तो करिंथकरांना ऐकवतो, आणि तुमची मी तिकडे फुशारकी मारली आहे, आता मला तोंडघशी पाडू नका, असेही सुचवतो. म्हणजे थोडी चढाओढ त्यालाही वर्ज्य नव्हती, तेव्हा आमच्या भोपळ्याला क्षमा असावी. पण थकबाकीदारांची नावे तो वाचत नाही. खिन्न मनाने किंवा भाग पडते म्हणून कुणी देऊ नये, असे स्पष्ट लिहितो. शिवाय एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून तो ती एकट्याच्या हाती ठेवत नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊही पाठवतो. आमचे हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात खरे, पण बाकावर बसलेल्या माणसाला ते कुठे दिसतात? यादीच्या त्या प्रकारानंतर मी दाराशी फळा लावला आणि महिन्याचा जमाखर्च खडूने लिहू लागलो. पहिल्याच महिन्यात एका तरुणाने पंखे दुरुस्तीचा आकडा जास्त असल्याबद्दल मला भर दारात हटकले, मला रागही आला, आणि पुढच्या खेपेला तोच पाना घेऊन शिडीवर चढला.

आमच्या या शहरात अमेरिकन मिशनरी १८३१ साली आले आणि पुढे कित्येक पिढ्या शाळेचा, दवाखान्याचा, पाळकांचा खर्च बोस्टनहून येणाऱ्या पैशावर चालला. 'मिशन देईल' हे वाक्य मी आजोबांच्या तोंडून ऐकलेले आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, तो या परावलंबनाला कंटाळूनच, असे मी समजतो. पण परावलंबनाची ही गोष्ट पुरती खरी नव्हे, कारण त्याच घरात आजी भाकरीसाठी पीठ काढताना रोज एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि शनिवारी तो डबा गरजू घरी जायचा. मिझोराममधल्या ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर तिथल्या मंडळीची मोठी कामे चालतात, हे इथे लष्करात असलेल्या एका मिझो कुटुंबाने सांगितले, तेव्हा मला आजीचा तो पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे आला. आजीच्या मुठीची नोंद कुणाच्याच वहीत नव्हती.

तर पुढच्या रविवारी बोलायचे काय? सुरुवात त्या यादीपासून करावी लागेल, हे नक्की. ती बाई आता पुन्हा तिसऱ्या बाकावर बसते. तिची माफी मी तिच्या घरी जाऊन मागितली होती, पण यादी सर्वांसमोर वाचली होती. तिचे नाव मात्र घ्यायचे नाही, नाहीतर माफीचीही यादीच व्हायची.

एवढे लिहून झाल्यावर सहज माझे स्वतःचे कार्ड काढून पाहिले. २०१४ पासून दरमहा ३०० रुपये. एकही महिना कोरा नाही, म्हणून माझे नाव कुठल्याही यादीत आले नसते. पण या काळात पगार वाढला, निवृत्त झालो, मुलगी नोकरीला लागली, आणि आकडा जागचा हललेला नाही. पेन्सिलीने तो खोडून १,००० लिहिले. मग हिला न विचारताच लिहिले हे लक्षात आले आणि तेही खोडले. ती झोपली आहे. सकाळी चहाच्या वेळी विचारतो.