जिप्सीचा पुढचा अॅक्सल: उघडायचाच तर पूर्ण उघडा

मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकामागे जो लोखंडी गोळा दिसतो, त्यावर काळं पातळ तेल ओघळायला लागलं की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: बाहेरचं सील बदलून टाका. महिन्याभरात पुन्हा तेच. दुसरी तक्रार ५५-६० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरण्याची. त्यावर व्हील बॅलन्सिंग होतं, टायर आलटून पालटून होतात, शेवटी स्टीअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) बसतो. डँपरने थरथर दबते, बरी होत नाही. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी, स्टीअरिंग नकलमध्ये असतं: म्हणजे गोळ्याभोवती डावी-उजवी वळणारी, चाक धरणारी जोडणी. म्हणून एका कामासाठी ती उघडली की दुसरंही तेव्हाच करून टाकावं. घरी, दोन सुट्टीच्या दिवसांत, दोन्ही बाजूंचं काम नीट होतं.

आधी आत काय आहे ते पाहू. डिफरन्शिअलमधलं (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी, थोडक्यात डिफ) गिअर ऑइल अॅक्सलच्या नळीत असतं. नकलमध्ये ऑइल नसतं, ग्रीस असतं. या दोघांना वेगळं ठेवणारं एक छोटं ऑइल सील अॅक्सल नळीच्या टोकाशी, गोळ्याच्या आत बसलेलं आहे. ते गेलं की ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ करतं आणि ते मिश्रण बाहेरच्या सीलमधून झिरपतं. बाहेरचं सील मुळात ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवण्यासाठी आहे, पातळ ऑइल अडवणं त्याचं काम नव्हेच. तेव्हा ओघळ जाड, चिकट असेल तर बाहेरचं सील. पातळ असून त्याला गिअर ऑइलचा गंधकी वास येत असेल तर आतलं.

सामान आधी जमवा, गाडी उघडून ठेवून दुकानं शोधू नका. दोन्ही बाजूंसाठी मिळून: आतली ऑइल सील २, बाहेरच्या सीलचे सेट २, किंगपिन (नकल ज्यावर वळते त्या खिळ्या) बेअरिंग ४ (प्रत्येक नकलला वर एक, खाली एक), हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मागची ग्रीस सील २, किंगपिनच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या), लिथियम ईपी-२ ग्रीस किलोभर, सीव्ही जॉइंटसाठी (चाक वळलेलं असतानाही त्याला जोर पोचवणारा सांधा) मॉलिब्डेनमवालं ग्रीस आणि २ लिटर जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० ऑइल. पुढच्या डिफला २ लिटर लागतं, मागच्याला दीड, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) ०.८. हत्यारांत नेहमीच्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पान्यांबरोबर हबच्या नटची खास गोटी हवीच. छिन्नी-हातोडीने तो नट फिरवणाऱ्यांनी कित्येक स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्याचे) आटे मारले आहेत. शिवाय टॉर्क रेंच, सर्क्लिप प्लायर, पितळी ड्रिफ्ट (ठोकून काढायची दांडी) आणि सामान तोलायचा साधा स्प्रिंगचा काटा. हा काटा विसरू नका.

गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि अॅक्सलखाली घोड्या द्या. नुसत्या जॅकवर हे काम करायचं नाही. डिफचं ऑइल आधी काढा, नाहीतर शाफ्ट ओढताच ते फरशीवर येईल. मात्र ड्रेनच्या आधी भरायचा प्लग सुटतो ना ते बघा. ऑइल काढून झाल्यावर तो अडला तर गाडी तिथेच बसली. निघालेलं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. त्याकडे नंतर येतो.

चाक काढा. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने पाट्याला (लीफ स्प्रिंगला) टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. मॅन्युअल फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून हाताने मोकळं करता येणारं) असेल तर झाकण काढा, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप काढा, मग हबचा बाहेरचा भाग. त्यानंतर लॉक प्लेट, नट, आणि डिस्कसकट पूर्ण हब बाहेर. स्पिंडलचे बोल्ट काढले तरी स्पिंडल गंजाने चिकटलेलं असतं. लाकडी ठोकळा धरून आजूबाजूने ठोका, आट्यांवर घाव नको. स्पिंडल निघालं की शाफ्ट जॉइंटसकट हळू बाहेर येतो. एक शाफ्ट लांब, एक आखूड, त्यामुळे डावा-उजवा चुकत नाही. किंगपिन मात्र चुकतात. प्रत्येकाला चिठ्ठी लावा: डावा वर, डावा खाली. त्याच्या शिम त्याच्याच बरोबर बांधा.

टाय रॉडचं (दोन्ही नकल जोडणाऱ्या स्टीअरिंगच्या दांड्याचं) टोक काढताना बॉल जॉइंटच्या आट्यांवर घाव घालू नका. नट थोडा सैल करून ठेवा, नकलच्या ज्या डोळ्यात टेपर बसतो त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्याने जोरात एक ठोका. टेपर टणकन सुटतो.

आता किंगपिन बेअरिंग. नकल अजून अॅक्सलवर असताना, टाय रॉड सुटा करून, ती हाताने डावी-उजवी फिरवून बघा. निकामी बेअरिंग बोटांना कळतं: नकल बरोबर मध्यावर, गाडी सरळ चालताना असते त्या जागी, किंचित अडकून बसते. कारण असं की या बेअरिंगचे रोलर गोल फिरतच नाहीत. वर्षानुवर्षं त्याच जागी दणके खात राहतात आणि बाहेरच्या कपात बारीक समांतर खाचा पाडतात. कप उजेडात तिरका धरला की त्या रेघा दिसतात. अशा कपात नवे रोलर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. कप पितळी ड्रिफ्टने काढा, नवा बसवताना चारी बाजूंनी थोडं थोडं ठोका. कप पूर्ण टेकला की ठोक्याचा आवाज बद्द न राहता खणखणीत होतो.

गोळ्याचा पृष्ठभाग डिझेलने धुऊन बोट फिरवा. गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही ते फाडतील. ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून घासा. शाफ्टवर आतलं सील जिथे फिरतं तिथे नखाने चाचपा. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल तर नवं सील पूर्वीइतकं खोल न ठोकता दोनेक मिलिमीटर बाहेर ठेवा, म्हणजे त्याची ओठी न झिजलेल्या जागी बसते. हे सील बसवल्यावर ओठीला ग्रीस लावा आणि शाफ्ट आत सरकवताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका. स्प्लाइनची धार ओठीवरून एकदा घासली की दोन दिवसांची मेहनत गेली. बहुतेक ‘नवं सीलपण गळतंय’ इथूनच येतं.

सीव्ही जॉइंट डिझेलने धुऊन आतला भाग तिरका करा. सहा छर्रे एकेक करून निघतात. पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत तडे शोधा. जिप्सीचा हा जॉइंट पूर्ण वळवलेल्या चाकावर, लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर), जोर लावला की तुटतो, सरळ चाकावर क्वचितच. स्पिंडलच्या आतली बुश झिजली असेल तर तीही आताच बदला. ती झिजली की शाफ्टचं टोक हलतं आणि सीलं लवकर जातात.

जोडताना सगळ्यात आधी बाहेरच्या सीलची रिंग, फेल्ट आणि रबर गोळ्याच्या मागे अॅक्सलवर चढवून ठेवा. हे विसरलात तर नकल पुन्हा उतरवावी लागेल. बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरा, नकल बसवा, किंगपिन मूळ शिमसकट लावा आणि बोल्ट २ ते ३ किलोग्रॅम-मीटर (kg-m) टॉर्कला आवळा. मग काटा. बाहेरचं सील न आवळता, टाय रॉडच्या भोकात काट्याचा आकडा अडकवून, काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होताना काट्यावर १.० ते १.८ किलो दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर शिम कमी करा, किंगपिन आणखी आत जातो आणि दाब वाढतो. जास्त दिसलं तर शिम वाढवा. शिम ०.१ आणि ०.५ मिलिमीटरच्या येतात, ०.१ च्या एका शिमनेही आकडा बदलतो. वरच्या शिमची आणि खालच्या शिमची एकूण जाडी जमेल तितकी सारखी ठेवा. या एका मापावर थरथर जाते की राहते ते ठरतं, आणि नेमकं हेच माप अंदाजावर सोडलं जातं. ‘हाताला घट्ट लागतंय’ पुरत नाही.

पुढचं जोडकाम उलट क्रमाने. नकलमध्ये सीव्ही जॉइंटभोवती भरपूर ग्रीस घाला, पण गच्च कोंबू नका. हबचा नट चाक फिरवत आवळा, सैल करा, पुन्हा बेतानेच आवळा. टायर वर-खाली धरून हलवला तर प्ले (ढिलाई) नको, आणि चाक मोकळं फिरायला हवं.

दुधाळ ऑइलकडे येऊ, कारण इथे एक बदल करण्यासारखा आहे. मावळात, कोकणात पावसाळ्यात ओढे ओलांडताना तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरतो. आतली हवा आकसते, निर्वात तयार होतो आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. सील नवं असलं तरी. अॅक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) चिखलाने बुजला असेल तर हमखास. उपाय स्वस्त आहे: दोन्ही अॅक्सल आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरवर घट्ट बसणारे, ऑइलला टिकणारे रबरी पाइप लावून बॉनेटखाली उंचावर न्या. टोक खाली वळवून त्यावर छोटा फ्युएल फिल्टर लावा. अॅक्सल पूर्ण खाली लोंबला तरी पाइप ताणला जाणार नाही एवढी ढील ठेवा, मध्ये कुठे झोळ पडू देऊ नका आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधा. जिप्सीत पहिला बदल कोणता, असं विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं, नंतर.

लिफ्टबद्दल सांगायलाच हवं, कारण लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) घालून गाडी उंच केल्यावर ‘किंगपिन नवे असून थरथरते’ ही तक्रार येते. ५० मिलिमीटर लांब शॅकलने गाडी २५ मिलिमीटरच उचलली जाते. पण पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असल्याने ते टोक ५० मिलिमीटर खाली जातं. पाट्याची लांबी मीटरभर धरली तर अॅक्सल जवळपास ३ अंश पुढे झुकतो. मुळात कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) आहे साडेतीन अंश. म्हणजे स्टीअरिंगला सरळ ठेवणारा कोन उरतच नाही. पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, मात्र तेवढंच पिनियनचं (डिफमध्ये जोर आणणाऱ्या गिअरचं) तोंड खाली झुकतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसपासून डिफपर्यंतच्या दांड्याच्या) क्रॉस सांध्यावर कोन वाढतो. दोन्ही एकदम साधत नाही. माझ्या मते कॅस्टर आधी राखावा: हब मोकळे आणि गाडी टू व्हीलमध्ये असताना पुढचा शाफ्ट फिरत नाही, स्टीअरिंग मात्र प्रत्येक किलोमीटरला लागतं.

टायर २०५/७० आर १५ वरून २३५/७५ आर १५ केले तर व्यास ६६८ वरून साधारण ७३४ मिलिमीटर होतो, जवळपास १० टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने जात असते, आणि सीव्ही जॉइंटवरचा भारही तेवढाच वाढतो. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) वाचून मगच कंपनीच्या मापांपासून दूर जा.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरनी किंगपिनचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, टायर वर-खाली हलवून हबचा प्ले बघा, आणि गोळा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. ग्रीसचा पातळ थर फडक्याला लागणं ठीक आहे. ओघळ दिसला तर डिफचा भरायचा प्लग उघडून करंगळी घाला. ऑइलची पातळी खाली गेली असेल तर आतलं सील बसवताना कापलं गेलं आहे, त्या बाजूचा शाफ्ट पुन्हा काढावा लागेल.