बडोद्याहून सेकंडहँड शिडाची बोट बघायला गेलो, ब्रोकरकडे पण आणि ब्रोकरशिवाय पण

बडोद्यात राहून शिडाची बोट घ्यायची म्हटलं की दांडिया बाजारातला प्रत्येक जण आधी हेच विचारतो, ठेवणार कुठे, सुरसागरात? हसून घ्या, पण प्रश्न बरोबर आहे. समुद्र आपल्याला नकाशावर जवळ दिसतो पण तो खंभातचा आखात आहे, भावनगरकडे उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि ओहोटीला बघावं तिकडे चिखल, खाली कील, म्हणजे पोटाखालचं वजनदार पातं, असलेल्या बोटीचं तिथे काय काम. म्हणून शोध मुंबई आणि गोव्यातच घ्यायचा आणि बोट राहणार पण तिकडेच, हे घरी आधीच सांगून टाका. आमच्या घरी २०२४ च्या हरणी तलावाच्या दुर्घटनेनंतर बोट हा विषयच नको असं झालं होतं, चौदा जीव गेले त्यात, बारा लहान मुलं. त्यामुळे आईची परवानगी मिळाली ती भावोजी बरोबर येणार या अटीवर. भावोजी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते आणि खरं सांगायचं तर या दौऱ्यात अर्धी अक्कल त्यांचीच चालली.

एप्रिलमध्ये आधी मुंबई. रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी कुलाब्यात पोचता, हे बरं पडतं कारण बोट बघायची ती सकाळीच, वारा चढायच्या आधी डेक, इंजिन सगळं शांतपणे बघून होतं आणि मग वारा आला की शिडं उघडून दाखवा म्हणता येतं. ही बोट ब्रोकरमार्फत होती, चौतीस फुटी, फायबरची, नव्वदच्या दशकातली, अपोलो बंदरासमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यात कायम बांधून ठेवायच्या जागेवर. ब्रोकर माणूस अगदी गोड, चहा-बिस्किट, फाईल प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ब्रोकरचं कमिशन विकणारा देतो, परदेशात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास चालतं आणि ते किमतीत धरलेलंच असतं. म्हणजे तो कितीही चांगला असला तरी विकणाऱ्याच्या बाजूचा. त्यात वाईट काही नाही, तुम्हाला माहीत असलं की झालं. त्याचा फायदा कागदांत होतो, फाईल नीट लावलेली असते, मालकाला उगाच फोन करत बसावं लागत नाही, आणि पैशाची बोलणी तोंडावर करावी लागत नाहीत, जे आपल्या मराठी माणसाला जमत पण नाही. सर्व्हेअर, म्हणजे घेण्याआधी बोट तपासून अहवाल देणारा माणूस, मात्र तो सुचवेल तो घ्यायचा नाही. आम्हाला पण दोन नावं लगेच दिली, आम्ही थँक्यू म्हटलं आणि आमचा वेगळा शोधला.

बोटीवर चढल्या चढल्या भावोजींनी काय केलं तर सरळ खाली जाऊन इंजिनवर हात ठेवला. कोमट! म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी चालू करून ठेवलं होतं. थंड डिझेल इंजिन पहिल्या झटक्यात उठतं का आणि उठताना कसला धूर टाकतं यातच निम्मी परीक्षा असते, काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा विरला नाही तर बघावं लागतं, न जळलेलं डिझेल असेल नाहीतर गरम होत असेल. म्हणून भेट ठरवतानाच लेखी सांगा की इंजिन आमच्यासमोरच चालू करायचं. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि थंड इंजिन सुरू करून बघितलं, उठलं बिचारं नीट, एक्झॉस्टमधून समुद्राचं पाणी पण व्यवस्थित पडत होतं. मग कोमट का केलं होतं देवालाच माहीत.

बाकी काय बघितलं ते पटापट सांगतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा, म्हणजे स्टँडिंग रिगिंग, शेवटचं कधी बदललं आणि पावती आहे का. दहा-बारा वर्षांच्या वर झालं असेल तर बदलायचा खर्च तुमच्या डोक्यावर धरा, पावती नसेल तर जुनंच समजा. तारेवरून कापूस फिरवा, एखादा तंतू तुटला असेल तर कापूस अडकतो, उघडा हात फिरवू नका, फाटतो. डेकवर रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी पाय दाबून चाला, मऊ लागलं की आत पाणी शिरून लाकडाचा गाभा कुजलाय. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलात तर चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द, मडकं वाजवून घेतो तसंच. बिल्जला, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या भागाला, ताजा रंग दिसला की विचारा का दिला. आणि गाद्या, पडदे, फ्रीज, टीव्ही यांच्याकडे बघूच नका, फोटोत तेच सगळ्यात छान दिसतं.

गोव्याला पावसाळ्याच्या तोंडावर गेलो, मुद्दाम. बडोद्याहून मडगावला कोकण रेल्वेने थेट गाड्या आहेत, आणि त्या वेळी बोटी पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या असतात त्यामुळे खालची बाजू फुकटात बघायला मिळते, नाहीतर बोट उचलायचा खर्च घेणाऱ्याने करायचा असा रिवाज आहे. सी-ट्रायल, म्हणजे समुद्रात चालवून बघणं, मात्र अशा वेळी होत नाही, ती मग पावसाळा संपल्यावर.

इथली बोट ब्रोकरशिवाय, एकतीस फुटी, कोणी परदेशी माणूस सोडून गेलेला आणि राखणारा गडी त्याच्या वतीने विकत होता. किंमत ऐकून माझे तर डोळेच चमकले. बोट पण वाईट नव्हती हो. खाली लहान लहान फोड होते, फायबरच्या आत पाणी मुरलं की येतात, ऑस्मोसिस म्हणतात, थोडे असले तर घाबरायचं कारण नाही, भाव पाडायला उपयोगी पडतात. कील जिथे बोटीच्या पोटाला मिळते त्या सांध्यावर पुढच्या बाजूला चीर आहे का ते बघितलं, नव्हती. पाण्याखालचे पितळी व्हॉल्व्ह थोडे खरवडून बघितले, गुलाबी रंग आला म्हणजे पितळातलं जस्त निघून गेलंय, कधीही तुटू शकतात. दोन निघाले तसे.

पण अडलं सगळं कागदांवर. बोट परदेशी झेंड्याची, आणि मी विचारलं बिल ऑफ एंट्री कुठे, म्हणजे कस्टममध्ये ड्युटी भरल्याचा कागद, तर गडी म्हणाला ते नंतर करून देऊ. नंतर करून देऊ म्हणजे तुम्ही करा. अशी बोट भारतात विकत घेतली की कस्टम ड्युटी आणि वर जीएसटी तुमच्या गळ्यात येतो, यॉटवर तो आधी २८ टक्के होता आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय. स्वस्त बोट तिथेच महाग झाली. शिवाय परदेशी बोटीत कपाटात सॅटेलाइट फोन पडलेला नाही ना ते नीट बघा, थुराया, इरिडियमचे फोन आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत, समुद्रकिनारी पोलीस ते फार गांभीर्याने घेतात. व्हीएचएफ रेडिओचं, म्हणजे बोटीवरून बोलायच्या वायरलेसचं, लायसन पण विचारा.

माझं मत असं झालंय की आपल्याकडे बोट बघायच्या आधी कागद बघावेत, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, देत नसेल तर तिकीटच काढू नका. रजिस्ट्रेशन महाराष्ट्रात असेल तर मेरीटाइम बोर्डाचं, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं, त्यावर नाव विकणाऱ्याचंच आहे का, बोटीवर कर्ज आहे का, इंजिन नंबर जुळतो का. पोटाला भोक असेल तर बुजवता येतं हो, कागदाला असेल तर कोण बुजवणार.

आता मुंबईच्या बोटीवर ऑफर टाकलीय, लेखी, सर्व्हे आणि सी-ट्रायल पसंत पडली तरच, नाहीतर टोकन परत, आणि टोकन ब्रोकरच्या खात्यात ठेवलंय पण कोणत्या अटीवर सुटेल ते कागदावर घेतलंय. किंमत ठरवताना दर वर्षी बोटीच्या किमतीच्या दहाएक टक्के खर्च धरा असा ढोबळ हिशोब भावोजींनी सांगितला, मूरिंग, राखणारा माणूस, पावसाळ्यात वर काढणं, रंग, आपण तर वर रेल्वेचं भाडं पण धरायचं.

आणि बडोदेकरांसाठी एक फायदा, अलंग. भावनगरपासून पन्नासेक किलोमीटर, तोडलेल्या जहाजांचं सामान रस्त्याच्या कडेला दुकानांत मिळतं, नांगराची साखळी, शॅकल, दोर, पितळी दिवे, क्रॉकरी तर ढिगाने. साखळी घ्या पण कड्या एकेक तपासून, झिजलेली नको. दोर जाडजूड जहाजाचे असतात, आपल्या बोटीला बसत नाहीत, उगाच मोहात पडू नका. लाइफजॅकेट आणि फ्लेअर, म्हणजे संकटात इशारा द्यायचे पेटते दिवे, मात्र तिथून अजिबात घेऊ नका, तारीख संपलेले असतात, ते नवीनच घ्यायचे आणि माणशी एक, लहान मुलांच्या मापाचे वेगळे.