न्यू जर्सी ते टेक्सास: ट्रक कंपनीचा परवाना तपासताना आलेला माझा अनुभव

यजमानांची बदली एडिसनहून टेक्सासमधील प्लेनो येथे झाली आणि चौदा वर्षांचा संसार सुमारे दीड हजार मैल दूर हलवण्याची वेळ आली. सर्वांत कमी भाव सांगणाऱ्या कंपनीला मी आगाऊ रक्कम पाठवण्याच्या बेतात होते, तेवढ्यात एका मैत्रिणीने विचारले, "अगं, त्यांचा परवाना पाहिलास का?" असा काही परवाना पाहायचा असतो, हेच मला ठाऊक नव्हते.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लोकांचे घरसामान भाड्याने वाहून नेणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या परिवहन खात्यातील एफएमसीएसए या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. माझा पहिला घोटाळा तिथल्या क्रमांकांवरूनच झाला. यूएसडीओटी क्रमांक ही केवळ कंपनीची ओळख असून तपासण्या व अपघात यांची नोंद त्याखाली ठेवली जाते; भाड्याने वाहतूक करण्याचा अधिकार ही वेगळी गोष्ट असून तिच्याशी एमसी क्रमांक जोडलेला असतो. "आम्ही सरकारमान्य आहोत," असे सांगून कंपनीने फोनवर मोठ्या ऐटीत दिलेला क्रमांक नुसता पहिला होता.

तो क्रमांक मी 'सेफर' या सरकारी संकेतस्थळावर टाकला. तिथे पैसे लागत नाहीत आणि कंपनीचे कायदेशीर नाव, पत्ता, ट्रक व चालकांची संख्या असे सारे एकाच पानावर दिसते. या कंपनीच्या पानावर 'ब्रोकर' असा शब्द होता आणि ट्रकच्या रकान्यात शून्य. म्हणजे मी ट्रकवाल्याशी नव्हे, दलालाशी घासाघीस करत होते. दलाली बेकायदा नाही. त्यासाठी 75,000 डॉलरची हमीही ठेवावी लागते. पण माझे सामान प्रत्यक्षात कोण नेणार, या प्रश्नावर "ते ऐन वेळी ठरते" एवढेच उत्तर मिळाल्यावर मी तो नाद सोडला.

दुसऱ्या कंपनीच्या पानावर 'अधिकृत' हा शब्द पाहून मी सुखावले होते. दोन दिवसांनी यजमानांनी तेच पान नीट वाचले, तेव्हा ध्यानात आले की अधिकार सर्वसाधारण मालापुरता होता, त्यात घरसामानाचा उल्लेखच नव्हता. कारखान्याचा माल नेण्याची मुभा असलेल्या कंपनीला त्या परवान्यावर माझे देवघर आणि फडताळ नेता येत नाही.

तिसऱ्या कंपनीच्या नोंदीत घरसामान स्पष्ट लिहिलेले होते. विम्याच्या नोंदीत दायित्वाचा (म्हणजे अपघातात इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा) 7,50,000 डॉलरचा आणि मालाचा स्वतंत्र, असे दोन्ही विमे चालू दिसले. विमा खंडित झाला की अधिकारही रद्द होऊ शकतो, म्हणून सामान भरण्याच्या आदल्या रात्री मी ते पान पुन्हा उघडले. शिवाय दुसऱ्याचा क्रमांक आपला म्हणून सांगणारे महाभागही असतात, हे कळल्यामुळे करार करण्यापूर्वी सेफरवर नोंदलेल्या दूरध्वनीवरच फोन करून खात्री केली होती.

परवाना चोख असला तरी भरपाईचा हिशेब निराळाच असतो. पूर्ण मूल्याचे संरक्षण नाकारून फुकटची मूळ सोय पत्करली, तर हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूमागे पौंडाला अवघे 60 सेंट मिळतात. आमची वाजवायची पेटी (हार्मोनियम) 25 पौंडांची, म्हणजे सासऱ्यांनी मिरजेहून आणलेल्या त्या पेटीची किंमत 15 डॉलर!

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक दाराशी आला. ट्रकच्या दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव आणि यूएसडीओटी क्रमांक लिहिणे बंधनकारक असते. मी वही घेऊन चपला घालून बाहेर गेले आणि एकेक आकडा ताडून पाहिला. सातही जुळले, तेव्हा चालकाला चहा विचारला. पेटी मात्र मी आधीच आमच्या मोटारीच्या मागच्या आसनावर पट्टा लावून बसवली होती.