मधल्या पदापासून सुरुवात का?

‘तीन संख्या भूमिती श्रेढीत आहेत असं गणितात आलं की तुम्ही त्या क/ग, क, क×ग अशा मांडता. सरळ क, क×ग, क×ग×ग असं का नाही? आणि हे तुम्हांला आधीच कसं कळतं?’

बीजगणित शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, तेही बहुधा तास संपता संपता. ‘असं मांडलं की लवकर सुटतं’ एवढंच सांगून मी कितीदा तरी पुढे गेले आहे. ते खोटं नव्हतं, पण विचारणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते. भूमिती श्रेढीत प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळतं. ती संख्या म्हणजे सामान्य गुणोत्तर, ग. आणि क म्हणजे माझ्या मांडणीत मधलं पद, सरळ मांडणीत पहिलं, एवढं धरून चला.

एक गणित घेऊ. भूमिती श्रेढीतल्या तीन संख्यांची बेरीज १९ आणि गुणाकार २१६ आहे. संख्या शोधा.

मधल्या पदावर उभं राहून पाहिलं तर डावीकडचं पद गने भागलेलं असतं आणि उजवीकडचं गने गुणलेलं. तिघांचा गुणाकार केला की तो भागाकार आणि तो गुणाकार एकमेकांना खोडतात आणि फक्त कचा घन उरतो. घन २१६, म्हणून क = ६. दोन चलांपैकी एक पहिल्याच ओळीत संपलं. आता बेरीज: ६/ग + ६ + ६×ग = १९. दोन्हीकडून ६ वजा करून ६ ने भागलं की ग आणि १/ग यांची बेरीज १३/६ येते. वर्गसमीकरण मांडून अवयव पाडता येतील, पण १३/६ म्हणजे ९/६ आणि ४/६, म्हणजेच ३/२ आणि २/३, हे नुसतं पाहूनही दिसतं. संख्या ४, ६, ९.

इथे गच्या दोन किंमती येतात आणि मुलं अडतात: यांतली खरी कोणती? दोन्ही खऱ्या. ३/२ घेतलं तर ४, ६, ९ मिळतात, २/३ घेतलं तर ९, ६, ४. मधून पाहणाऱ्याला डावी आणि उजवी बाजू सारखीच, म्हणून गचं उत्तर नेहमी आपल्या व्यस्ताला सोबत घेऊन येतं. ताळा करताना मला याचा फार उपयोग होतो. दोन किंमतींचा गुणाकार १ आला नाही, तर कुठेतरी चूक झाली आहे हे लगेच समजतं.

आता सरळ मांडणी करून पाहा. क, क×ग, क×ग×ग यांचा गुणाकार म्हणजे क×ग या संख्येचा घन. तो २१६, म्हणून क×ग = ६. पण क×ग म्हणजे तरी काय? मधलं पदच! सरळ वाटेने गेलात तरी ते भेटतंच, फक्त थोडं उशिरा. म्हणून कुणी सरळ मांडणी केली तर मी ती खोडत नाही.

मग आधी कसं कळतं? गणितात काय दिलं आहे ते वाचून. अंकगणिती श्रेढीत, म्हणजे जिथे दर वेळी एकच संख्या (फ, सामान्य फरक) मिळवत जातो तिथे, तीन संख्या क−फ, क, क+फ अशा मांडल्या की कुणी कधी शंका काढत नाही. तिथे बेरीज दिलेली असते आणि बेरजेत +फ आणि −फ उडून जातात. भूमिती श्रेढीत बेरजेची जागा गुणाकार घेतो आणि वजाबाकीची भागाकार. गुणाकार दिलेला दिसला की मी मधल्या पदाकडे जाते, एवढंच.

गुणाकार दिलेला नसेल, तर ही मांडणी मी हट्टाने वापरत नाही. समजा पहिल्या तीन पदांची बेरीज ७ आणि पहिल्या सहा पदांची ६३ आहे. इथे मधून सुरुवात केली तर नुसते अपूर्णांक वाढतील. त्याऐवजी एवढंच पाहायचं की पुढच्या तीन पदांची बेरीज ५६ आहे आणि ती तीन पदं म्हणजे पहिली तीनच, प्रत्येक गच्या घनाने गुणलेली. ५६ भागिले ७ म्हणजे ८, म्हणून ग = २ आणि पहिलं पद १. बेरजेचं सूत्र आठवावंच लागलं नाही. एकसामयिक समीकरणं सोडवून हाताला वजाबाकीची सवय लागलेली असते. इथे एका समीकरणाला दुसऱ्याने भागायचं असतं, आणि ही सवय बदलायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

पहिल्या पदापासूनच चालत जायचं बंधन नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) एक उदाहरण आहे: पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि मग रोज दुप्पट असं दान महिनाभर केलं, तर एकूण किती? त्यासाठी २ चा तिसावा घात हवा. तिथली रीत शेवटाकडून सुरू होते. पदांची संख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहायचं, आणि शून्यापर्यंत पोचल्यावर १ पासून उलटं यायचं: ‘गुण’ लिहिलं असेल तिथे २ ने गुणायचं, ‘वर्ग’ असेल तिथे वर्ग करायचा. ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ०. परत येताना २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत तिसावा घात. त्यातून १ वजा करून पहिल्या पदाने, म्हणजे २ ने गुणलं की २१४७४८३६४६ कवड्या. ही रीत मी फळ्यावर लिहिते तेव्हा अजूनही तितकीच हरखते.

आता एक सावधगिरी, आणि ही मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. चार संख्या असतील तर मधलं पद नसतं. म्हणून त्या क/(ग×ग×ग), क/ग, क×ग, क×ग×ग×ग अशा मांडायला शिकवतात. मीही बरीच वर्षं तेच शिकवलं. एकदा वर्गात गणित घेतलं: चार संख्यांची बेरीज −५, गुणाकार ६४. मांडणीतून कचा चौथा घात ६४ आला आणि पुढे गची एकही वास्तव किंमत मिळेना. उत्तर नाही, असं मी सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिच्या वहीत १, −२, ४, −८ लिहिलेलं होतं. बेरीज −५, गुणाकार ६४. तिचं बरोबर होतं.

चूक मांडणीत होती. तिथे लगतच्या दोन पदांचं गुणोत्तर ग×ग आहे, आणि वास्तव संख्येचा वर्ग ऋण होत नाही. ती मांडणी स्वीकारली की ऋण गुणोत्तराच्या सगळ्या श्रेढी आपण न सांगता वगळलेल्या असतात. तीन पदांच्या मांडणीत ही अडचण नाही, कारण तिथे गुणोत्तर ग हेच आहे आणि ते ऋण असू शकतं.

तेव्हापासून चार पदं आली की मी आधी दोन जोड्या पाहते. टोकाच्या दोन पदांचा गुणाकार आणि मधल्या दोन पदांचा गुणाकार सारखाच असतो. इथे त्याचा वर्ग ६४, म्हणून तो ८ किंवा −८. ८ घेतला तर चारही पदं एकाच चिन्हाची होतात, आणि चिन्ह सोडून बेरीज ११ च्या खाली येऊच शकत नाही. म्हणजे −८ उरला. मधली पदं −२ आणि ४ घेऊन पाहिली की गुणोत्तर −२ येतं आणि टोकांना १ आणि −८ बसतात. उलट्या क्रमाने −८, ४, −२, १ हेही चालतं.