सोल्युशनच्या रोलर मशीनसाठी कोल्हापूरची दोन दिवसांची फेरी

चपला-बुटांना सोल्युशन (चिकटवायचा द्रव) लावायचं मशीन घ्यायचं किंवा बनवून घ्यायचं म्हणून कोल्हापूरला जाणार असाल, तर दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा. पहिला दिवस सुभाषनगर-जवाहरनगर भागात, जिथे घराघरांत चपला बनतात. दुसरा उद्यमनगरात, म्हणजे ओतकाम-लेथकामाच्या वर्कशॉपांच्या भागात. हा क्रम उलटा करू नका. काम आधी पाहिलं नसेल तर लेथवाल्यासमोर उभं राहून नेमकं काय मागायचं तेच सुचत नाही आणि तो त्याच्या सवयीचं काहीतरी गळ्यात मारतो. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचवते, पुण्याहून रस्त्याने साधारण २३० किलोमीटर. दोन्ही ठिकाणं शहरातच आहेत, रिक्षा पुरते. वर्कशॉपची साप्ताहिक सुट्टी मात्र निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

ही फेरी मुद्दाम भर पावसात, जुलैअखेरीस केली. उन्हाळ्यात सगळीच सोल्युशनं चिकटतात. यंत्राची आणि मालाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते.

सुभाषनगरात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चिकटवण्याचं काम नेमकं कुठे आणि किती वेळासाठी लागतं ती. अस्सल कोल्हापुरी हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याची, खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेली. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात जोर असतो तो वादीचा. तळाचे थर, टाचेचे थर, कान (तळाच्या बाजूच्या पट्ट्या) आणि पट्ट्याचं अस्तर शिवण होईपर्यंत जागेवर धरून ठेवणं, एवढंच सोल्युशनचं काम. म्हणून इथे थर पातळ हवा. जाड झाला की आरीच्या (भोक पाडायच्या टोच्याच्या) टोकाला चिकट बसतो, वादी ओढताना अडकते, तळ ताठ होतो आणि कातडं घाम प्यायचं थांबतं. एका कामाच्या जागी ऐकलेलं वाक्य सगळं सांगून जातं: ‘‘लई लावलं की आरीच पुढं जात न्हाई.’’

ब्रशने हे साधत नाही असं नाही, पण हातागणिक थर बदलतो. रोलर मशीनमध्ये टाकीतलं सोल्युशन फिरत्या रोलरवर चढतं, पातं त्याचा थर मापात ठेवतं आणि रोलरवरून सरकणाऱ्या कातड्याला तो लागतो. त्याचा फायदा वेगापेक्षा सारखेपणात आहे. हिशेब सोपा आहे. मोठ्या मापाचा तळ धरा २०० चौरस सेंटिमीटरचा. त्यावर ०.१५ मिलिमीटरचा ओला थर म्हणजे ३ मिलिलिटर, वजनात जवळपास ३ ग्रॅम. सांधा दोन्ही बाजूंनी लावायचा, म्हणजे एका सांध्याला ६ मिलिलिटर. १०० जोडांच्या २०० चपलांना एका सांध्यामागे १२०० मिलिलिटर. म्हणून खिशात ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा न्या. कुणी मशीन चालवून दाखवलं की तळ आधी आणि लावल्यावर लगेच तोला, असे दहा तुकडे. फरक ३ ग्रॅमच्या आसपास सारखा येत असेल तर मशीन नीट आहे. कधी २, कधी ५ येत असेल तर रोलर वाकडा आहे किंवा पातं ढिलं, मग रंगकाम कितीही चकचकीत असो. पातं आणि रोलर यांच्यातली फट जितकी, तितका थर कातड्यावर येत नाही हेही लक्षात घ्या. रोलरवरचा थर सुटताना फाटतो, काही कातड्यावर जातो, काही रोलरवरच राहतो. भरवसा फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) नको, काट्यावर ठेवा.

आता लॅटेक्सबद्दल. कोल्हापुरी कातड्यासाठी पाण्यातलं रबर लॅटेक्स चांगलं जमतं: वास कमी, आगीची भीती नाही, थर मऊ राहतो. बाजारात मिळणाऱ्या दाट लॅटेक्समध्ये साधारण ६० टक्के रबर असतं, म्हणजे ०.१५ मिलिमीटरचा ओला थर सुकून ०.०९ उरतो. पण लॅटेक्स आणि सालीतलं कातडं या जोडीचे तीन शत्रू आहेत आणि तिन्ही मशीनच्या धातूत किंवा टाकीत दडलेले असतात.

पहिला लोखंड. साध्या माइल्ड स्टीलचा रोलर पाण्याने गंजतो आणि त्या गंजाची सालीतल्या टॅनिनशी गाठ पडली की निळा-काळा डाग पडतो. शाई पूर्वी याच रसायनाने बनायची. तो डाग पुसून जात नाही. दुसरा तांबं-पितळ. तांब्याचा अंश रबराला लवकर म्हातारं करतो, थर काही महिन्यांत चिकट किंवा ठिसूळ होतो. शिवाय लॅटेक्स टिकवायला घातलेला अमोनिया पितळ खातो. तिसरा शत्रू सर्वांत साधा: कातड्याची धूळ. सालीत कमावलेलं कातडं आम्लधर्मी असतं. रापीने छिललेल्या कडांचा चुरा टाकीत पडला की दुधात लिंबू पडल्यासारखं लॅटेक्स फाटतं, गुठळ्या होतात, त्या पात्याखाली अडकतात आणि तळावर कोरडे पट्टे उमटतात. लावण्याआधी प्रत्येक तुकडा ब्रशने झटकायचा आणि टाकीतलं लॅटेक्स रोज संध्याकाळी कापडातून गाळायचं. पातळ करायचं असेल तर क्षारांचं जड पाणी नको, त्यातल्या चुन्यानेही ते फाटतं.

उद्यमनगरात गेल्यावर हे ध्यानात ठेवून बोला. ओतकाम आणि लेथकाम इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, हात चांगले आहेत. पण सवयीने बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) गनमेटलचा बसवतात, कारण पंपाला आणि इंजिनाला तोच चालतो. लॅटेक्सच्या मशीनला तो नको. गनमेटलमध्ये बहुतांश तांबंच असतं. स्पष्ट सांगा: रोलर, पातं आणि टाकी ३०४ स्टेनलेस, बुश नायलॉनचा किंवा टेफ्लॉनचा.

मापं अशी द्या. रोलर ६० मिलिमीटर व्यासाचा, लांबी २५० पुरे. तळ १० सेंटिमीटर रुंदीचा असताना अर्ध्या मीटरचा रोलर घेतलात तर उघडं लॅटेक्स जास्त सुकतं आणि रोलर मधे लवतो. अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर १४४० फेऱ्यांची, पुढे १:३० चा गिअरबॉक्स, म्हणजे रोलर मिनिटाला ४८ फेरे. घेर १८.८ सेंटिमीटर, म्हणून कातडं मिनिटाला ९ मीटर सरकतं, सेकंदाला १५ सेंटिमीटर. २८ सेंटिमीटरचा तळ दोन सेकंदांत बाहेर. याहून जोरात फिरवलं की लॅटेक्सला फेस येतो आणि रगडून गुठळ्याही होतात. फिरताना रोलरचा डोल डायल गेजवर (असा बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर) ०.०३ मिलिमीटरच्या आत हवा. फट ०.१५ ची आणि डोल ०.१० चा असेल तर थर एकसारखा येणारच नाही. पैसे देण्याआधी डायल गेज लावायला सांगा, उद्यमनगरात तो प्रत्येक टेबलावर असतो.

रोलरवर नर्लिंग (पकडीसाठी कोरलेले दाणे) किती? तळासाठी साधारण १ मिलिमीटर पिचचं चौकटी नर्लिंग, म्हणजे कातडं सरकत नाही. पट्ट्याच्या पातळ अस्तराला गुळगुळीत रोलर बरा, नाहीतर दाण्यांची नक्षी पुढच्या बाजूला उमटते. दोन रोलर करून घेणं परवडतं, बदलायला पाच मिनिटं लागतील अशी रचना मात्र हवी. वरचा दाबरोलर रबरी आणि स्प्रिंगवर, कारण कातड्याची जाडी एका तळातही बदलते. टाकी उचलून धुता आली पाहिजे. स्क्रूने घट्ट बसवलेली टाकी कुणी धूत नाही. आणि दोन रोलरांच्या तोंडाशी जाळी, हाताच्या अंतरावर लाल बटण, उलट फिरवायचा स्विच, हे तिन्ही लागणारच. सेकंदाला १५ सेंटिमीटर हा वेग बोट ओढून न्यायला भरपूर आहे.

या मशीनमध्ये निओप्रीन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही सॉल्व्हंटमधली सोल्युशनं ओतायचा मोह होईल. करू नका. त्यांतल्या सॉल्व्हंटपैकी टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो) ४ अंश सेल्सिअस, एथिल असिटेटचा उणे ४, एमईकेचा (मिथाइल इथाइल कीटोनचा) उणे ९. कोल्हापुरातल्या कोणत्याही दिवशी उघड्या टाकीवर पेटेल अशी वाफ तयार असतेच, आणि साध्या मोटरची, स्विचची एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली बसते, म्हणून एक्झॉस्ट छताशी लावून उपयोग नाही, टेबलाच्या पातळीला किंवा त्याखाली ओढणारा हवा. स्वस्त सोल्युशनात एन-हेक्झेन असेल तर बंद खोलीत रोज काम करणाऱ्याच्या हातापायांच्या नसा बधिर होतात. डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय माल घेऊ नका. सॉल्व्हंटच्या कामाला उघड्या रोलरपेक्षा बंद दाबटाकी आणि तिला जोडलेली ब्रशगन चांगली. सोल्युशन उडत नाही, दाट होत नाही, साय धरत नाही. सील टेफ्लॉनचे घ्या, साधं रबर फुगतं.

सोल्युशनची दाटी तपासायला बी-४ कप, म्हणजे तळाला ठरावीक मापाचं भोक असलेला कप, वापरतात. नवा डबा फोडला की त्याच दिवशी कपातून रिकामं व्हायला लागणारे सेकंद झाकणावर लिहून ठेवा. दुपारी पुन्हा मोजा. पाकाची एकतारी-दोनतारी बोटांत कळते तशी अनुभवी हाताला ही दाटीही कळते, पण पाळी बदलली की हात बदलतो आणि लिहिलेला आकडा उरतो.

शहराबाहेरच्या वसाहतीत बुटांचं छोटं युनिट पाहायला मिळालं तर अर्धा दिवस तिथे द्या. बुटाचा हिशेब चपलेच्या उलट आहे. तिथे सोलला सहसा शिवण नसते, तो केवळ सोल्युशनवर उभा असतो. सुरक्षा-बुटांच्या आयएसओ २०३४५ मानकात अप्पर (बुटाचा वरचा भाग) आणि सोलचा सांधा मिलिमीटरला किमान ४ न्यूटन सोसला पाहिजे. सोलच फाटला तर ३ चालतात. तेवढं मिळवायचं तर फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर) ओढलेल्या अप्परची कड खरवडावी लागते, तिच्यावरचा गुळगुळीत थर जाऊन तंतू वर येईपर्यंत. मग दोन हात: पहिला पातळ, कातड्यात मुरायला, १०-१५ मिनिटं सुकवून. दुसरा त्यावर. पीयूला नंतर उष्णता देऊन थराचा पृष्ठभाग ५५ ते ७० अंशांवर न्यायचा, काही सेकंदांत सोल बसवायचा आणि लगेच प्रेस. तापमान हीटरच्या डायलवर पाहू नका, इन्फ्रारेड थर्मामीटरने थरावरच मोजा. दोन्हींत खूप फरक असू शकतो.

सोलनुसार तयारी बदलते आणि इथेच बहुतेकांचा माल परत येतो. पीव्हीसी सोलला निओप्रीन लावू नका. सोल मऊ ठेवणारं तेल हळूहळू थरात उतरतं आणि दुकानात चांगला दिसलेला सांधा काही महिन्यांनी चघळलेल्या गमासारखा होतो. तिथे पीयूच. पीयू सोलवर साच्याचं सिलिकॉन राहिलेलं असतं, ते सॉल्व्हंटने पुसल्याशिवाय काहीच धरत नाही. व्हल्कनाइझ्ड रबराला आणि टीपीआरला (थर्मोप्लास्टिक रबराला) आधी हॅलोजनचा प्रायमर (सोल्युशनआधी लावायचा हात) लागतो. ईव्हीएला (फोमच्या हलक्या सोलला) त्याचा वेगळा प्रायमर, बहुधा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून नेऊन. पीयूत हार्डनर (थर पक्का करणारं रसायन) ३ ते ५ टक्के, वजनाने, आणि चार तासांत संपेल एवढंच कालवा. दमट हवेत तो त्याहून आधी गोठतो. हार्डनर घातलेलं उरलेलं सोल्युशन पुन्हा मूळ डब्यात ओतलंत तर सगळा डबा गेला. ते कालवताना हातमोजे आणि उघडी हवा हवी, हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दम्यासारखा त्रास जडतो आणि जडला की सुटत नाही.

सांधा सुटला तर सोल सोलून दोन्ही बाजू उजेडात पाहा. सगळा थर सोलवर राहिला आणि अप्पर कोरडं दिसलं, तर खरवडणं कमी पडलं किंवा कातडं तेलकट होतं. सगळा अप्परवर राहिला तर सोलची तयारी चुकली. दोन्हीकडे चकचकीत थर असेल तर थर एकमेकांत मिसळलेच नाहीत: उष्णता कमी किंवा जोडायला उशीर. कातड्याचे तंतू फाटून आले असतील तर सोल्युशनने आपलं काम केलं.

पावसाळ्यात आणखी एक खोड दिसते. सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढुरकी झाक येते. हात लावला तर कोरडं वाटतं, पण धरत नाही. असा तुकडा जोडू नका, गरम हवेखाली झाक जाईपर्यंत धरा. कातडंही रात्रभर जमिनीवर ठेवलेलं असेल तर दमट होतं. फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. लॅटेक्सची खूण सोपी आहे, दुधाळ थर पारदर्शक झाला की जोडा. पावसात त्याला दुप्पट वेळही लागू शकतो, पंखा चालेल.

जाताना वजनकाटा, फीलर गेज आणि तुमच्याच कातड्याचे वीस-पंचवीस कापलेले तळ न्या. दुसऱ्याच्या कातड्यावर घेतलेल्या चाचणीचा भरवसा नाही. सोल्युशनचा डबा मात्र सोबत नेऊ नका, ज्वालाग्राही माल रेल्वेच्या डब्यात न्यायला बंदी आहे. लागेल तेवढं कोल्हापुरातच विकत घ्या आणि परतताना तयार तुकडे तारीख, वजन आणि सोल्युशनचं नाव मागे लिहून पिशवीत घाला. आठवड्याने घरी सोलून पाहायला तेच लागतील.