टर्निपचा कंदील आणि दारावरची थाप

हॅलोवीन म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो केशरी भोपळा, माझ्याही तोच यायचा. आयर्लंडला राहायला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी भोपळा बघितला होता कुणी? आम्ही टर्निप कोरायचो." त्या मूळच्या डोनेगलच्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या त्या एका वाक्यानं हा सण माझ्या डोक्यात जो शिरला तो अजून निघालेला नाही. दरवर्षी ऑक्टोबर लागला की मी वाचत बसते, जमेल तसं कुठे कुठे जाऊन बघून येते आणि एक टर्निप कोरते. या वेळी म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

टर्निप म्हणजे सलगम, पण इथे लोक ज्याला टर्निप म्हणतात तो खरं तर स्वीड, वरून जांभळट, आतून पिवळसर आणि हाताला अक्षरशः दगड. वरची चकती कापतानाच सुरी रुतून बसते, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. मग आतला गर चमच्यानं खरवडायचा, तो भोपळ्यासारखा भसकन निघत नाही, किसासारखा थोडा थोडा निघतो, पहिल्या वर्षी मला पावणेदोन तास लागले आणि अंगठ्याला फोड आला. दोन डोळे, नाकाच्या जागी एक भोक, खाली तोंड, त्यात वेडेवाकडे दात. आत मेणबत्तीचा तुकडा लावला की कच्चा गर तापून कोबी करपल्यासारखा वास सुटतो. पण त्याचा खरा चेहरा दिसतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. टर्निप सुकत जातो, साल आक्रसते, गाल आत जातात, आणि आपणच कोरलेली ती वस्तू रात्री पाणी प्यायला उठल्यावर खिडकीत दिसली की छातीत धस्स होतं.

मेयो काउंटीत टर्लो पार्कला आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, तिथे असाच एक टर्निप ठेवलाय. डोनेगलमधल्या फिनटाउनचा, १९४३ मध्ये संग्रहालयाकडे आलेला. मूळचा वाळून वाळून मोडायला आला म्हणून त्याचा प्लास्टरचा साचा करून ठेवला, आज दिसतो तो साचा. काचेमागे तो बघितला तेव्हा मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. डोळे खोल गेलेले, दात विचकलेले. भोपळा हसतो, हा हसत नाही.

आता हे सगळं आलं कुठून. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्यालाच साउइन म्हणतात, लिहिताना ते सामहेन असं काहीतरी दिसतं पण उच्चार साउइन. साउइन हा या महिन्याच्या पहिल्या दिवसाचा सणही, या दिवशी उन्हाळा संपायचा आणि हिवाळा सुरू व्हायचा, उन्हाळ्यात डोंगरावर चरायला नेलेली गुरं खाली घरी यायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापली जायची. दिवस मोजायचा तो आदल्या संध्याकाळपासून, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या अंधारात सुरू होतो. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल की सामन नावाचा मृत्यूचा देव होता आणि त्याची ही पूजा, तर ते साफ चुकीचं आहे, असा कुठला देव जुन्या आयरिश साहित्यात नाही, अठराव्या शतकातल्या एका हौशी अभ्यासकाच्या गैरसमजातून ते पसरलं आणि अजून पसरतंय. मला याचा मनापासून राग येतो, कारण जे खरं लिहिलेलं आहे ते या बनावट देवापेक्षा शंभरपट भारी आहे.

उदाहरण म्हणून नेराची गोष्ट घ्या. ही मध्ययुगीन आयरिश कथा आहे आणि ती घडतेच साउइनच्या रात्री, क्रूअखनच्या राजवाड्यात, म्हणजे आजचं रॉसकॉमनमधलं रॅथक्रोहन. राजा आयलिल आणि राणी मेव्ह मेजवानीला बसलेत, बाहेर आदल्या दिवशी फाशी दिलेले दोन कैदी लटकताहेत, आणि राजा पैज लावतो की बाहेर जाऊन त्यातल्या एकाच्या पायाला वेताची कडी अडकवून येईल त्याला बक्षीस. बाकीचे जातात आणि घाबरून परत येतात, नेरा मात्र जातो. तो कडी अडकवतो आणि प्रेत बोलायला लागतं, म्हणतं मला तहान लागलीय, पाणी पाज. नेरा त्याला पाठीवर घेतो आणि दोघं दारोदार निघतात. पहिल्या घराभोवती आगीचं कडं, प्रेत म्हणतं इथे आपल्याला काही मिळायचं नाही, या घरात रोज रात्री चूल नीट सारून ठेवतात. दुसऱ्या घराभोवती पाण्याचं कडं, तिथेही नाही, कारण तिथे रात्री सांडपाणी किंवा धुण्या-आंघोळीचं पाणी तसंच ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात सगळं तसंच पडलेलं. प्रेत आत जातं, पाणी पितं आणि शेवटचा घोट घरातल्या माणसांवर फुंकतं, ती सगळी मरतात.

नेरा प्रेताला परत फाशीच्या जागी ठेवतो, मागे वळतो तर राजवाडा जळताना दिसतो, शत्रूची फौज परत चाललेली दिसते, तो तिच्या मागून गुहेत शिरतो आणि पलीकडच्या जगात पोचतो. तिथे त्याला कळतं की जे दिसलं ते अजून घडलेलं नाही, सावध केलं नाही तर पुढच्या साउइनला घडेल. आणि मी तिकडे जाऊन आलो हे पटवायला तो काय आणतो तर उन्हाळ्यातली रानलसूण, प्रिमरोझची फुलं आणि सोनेरी नेचा, नोव्हेंबरच्या अंधारात.

ती गुहा अजून आहे. ओवेनागाट, मांजरांची गुहा. शेताच्या कडेला, एवढंसं तोंड, बसून आणि मग जवळजवळ झोपून आत सरकावं लागतं, वरच्या दगडावर ओघम या जुन्या आयरिश लिपीत मेव्हच्या मुलाचं नाव कोरलंय, फ्रेख. आत पायाखाली चिखल, कपड्यांवर चिखल, आणि टॉर्च विझवला की असा अंधार की स्वतःचा हात आहे की नाही कळत नाही. मी आत गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते तरी माझं मन मानेना, दोन मिनिटांत बाहेर आले.

मला या गोष्टीत धरून ठेवते ती दारोदार फिरण्याची कल्पना. हॅलोवीनच्या रात्री कुणीतरी दार वाजवतं आणि काहीतरी मागतं, आणि तुमचं घर कसं आहे त्यावर पुढचं ठरतं. आज पोरं चॉकलेटं मागतात त्याचा उगम या प्रेतात आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, मधे हजार वर्षं गेलीत, पण त्या रात्रीचं दार मात्र तेच आहे.

मधल्या काळात चर्च आलं. सगळ्या संतांचा दिवस आधी रोममध्ये १३ मे ला व्हायचा, आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावानं प्रार्थनागृह केलं, आणि ८३५ मध्ये पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात फ्रँकिश साम्राज्यात १ नोव्हेंबर पक्का झाला. हॅलो म्हणजे संत, आणि ईन म्हणजे संध्याकाळ, ईव्हन या जुन्या शब्दाचं लहान रूप, झालं हॅलोवीन. पुढे क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा सगळ्या मृतात्म्यांचा दिवस म्हणून सुरू केला आणि तो युरोपभर गेला. त्यातूनच इंग्लंडमध्ये सोलिंग आलं, चेशर, श्रॉपशर भागात गरीब लोक आणि मुलं दारोदार जाऊन गाणं म्हणायची, घरच्यांनी त्यांना सोल केक, म्हणजे मृतात्म्यांच्या नावाचा छोटा केक, द्यायचा आणि त्यांनी त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची. म्हणजे मागणारा रिकाम्या हातानं यायचा नाही.

स्कॉटलंडमध्ये गायझिंग, वेषांतर करून जायचं आणि खाऊ मिळण्याआधी गाणं, कविता, विनोद काहीतरी करून दाखवायचं, नुसतं पोतं पुढे केलं तर चालत नाही. हे मला इतकं आवडतं की माझ्या लेकीला मी पहिल्यापासून हीच सवय लावली, ती प्रत्येक दारात एक गाणं म्हणते. डब्लिनची पोरं आधी ट्रिक ऑर ट्रीट, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, असं म्हणायचीच नाहीत, ती ओरडायची हेल्प द हॅलोवीन पार्टी, आणि पिशवीत पडायची सफरचंदं आणि मंकी नट्स, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. अजूनही ऑक्टोबरात दुकानात शेंगांच्या जाळीदार पिशव्या येतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गल्लीभर टरफलं असतात.

घरात ब्रॅक असायचाच. चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा गोडसर पाव, त्यात अंगठी, नाणं, चिंधी, काटकी, वाटाणा असं काय काय लपवलेलं. अंगठी मिळाली की लग्न, नाणं मिळालं की पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी. हल्ली दुकानातल्या ब्रॅकमध्ये फक्त अंगठी असते, तीही कागदात गुंडाळलेली. आजींच्या घरी मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा चाकू अंगठीला लागून कच्च झाला आणि सगळं टेबल एकदम ओरडलं. शिवाय कोलकॅनन, म्हणजे केलची भाजी घातलेला बटाट्याचा लगदा, मधे खळगा करून त्यात लोणी. आणि शेकोटीत दोन माणसांच्या नावानं दोन काजूसारखे टपोरे हेझलनट ठेवायचे, शेजारी शांत जळले तर जोडी जमली, एक उडून गेला तर सोडून द्या.

कंदिलाचीही गोष्ट आहेच, कंजूष जॅकची. सैतानाला फसवून झाडावर चढवतो, खोडावर क्रूस कोरून अडकवतो, मला नरकात नेणार नाहीस असं वचन घेतो, आणि मेल्यावर स्वर्गात घेत नाहीत म्हणून नरकाच्या दारात जातो तर सैतान म्हणतो मी वचन दिलंय, तुला आत घेता येत नाही. अंधारात जाऊ कसा म्हटल्यावर सैतान एक निखारा फेकतो, जॅक तो पोखरलेल्या टर्निपमध्ये ठेवतो आणि अजून फिरतोय. इथेही बघा, दोन दारं आणि दोन्ही बंद.

१८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली, बरीचशी अमेरिकेला. तिथे भोपळा आयता, मऊ, मोठा, टर्निपशी झगडणार कोण. पुढे तिकडे या रात्रीला पोरांची दांडगाई फार वाढली, फाटकं काढून नेणं, खिडक्यांना साबण फासणं, तर १९२० मध्ये मिनेसोटातल्या अनोका गावानं पोरांना गुंतवायला मिरवणूकच काढली. ट्रिक ऑर ट्रीट हे शब्द कॅनडातल्या अल्बर्टामधल्या ब्लॅकी गावच्या १९२७ च्या बातमीत सापडतात. मग युद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते उठल्यावर चॉकलेटांचा पूर आला. १९५० मध्ये फिलाडेल्फियात मुलांनी स्वतःसाठी मागायच्या ऐवजी युनिसेफसाठी सुट्टे पैसे गोळा करायला सुरुवात केली, हे मात्र फार सुंदर झालं.

आणि नंतर दाराचीच भीती बसली. अनोळखी माणसं चॉकलेटात विष घालतात, सफरचंदात ब्लेड घालतात. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ १९५८ पासूनच्या बातम्या तपासत आलेत, अनोळखी माणसानं असं वाटेल त्या मुलाला विष देऊन मारल्याची एकही खरी घटना त्यांना सापडली नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेल्या गोड पावडरीनं खरंच गेला, पण ती देणारा त्याचा बाप होता, विम्याच्या पैशासाठी. शेजाऱ्यांवर आळ मात्र अजून आहे.

आता मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सुमारे ५,००० शाळांमधल्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून रीतीभाती, गोष्टी, औषधं असं सगळं वह्यांमध्ये उतरवलं, सुमारे ५०,००० मुलं, ते सगळं आता इंटरनेटवर वाचता येतं. त्यात आणि आयरिश लोकजीवनावरच्या इतर नोंदींमध्ये मृतात्म्यांच्या रात्रीबद्दल हेच पुन्हा पुन्हा येतं की झोपण्याआधी चुलीत जाळ नीट ठेवायचा, दाराला कडी लावायची नाही, शेकोटीकडे तोंड करून खुर्च्या मांडायच्या आणि टेबलावर एक भांडं पाणी ठेवायचं, घरची गेलेली माणसं रात्री येतात म्हणून. नेराच्या गोष्टीत पाणी राहिलं म्हणून अख्खं घर मेलं, आणि पुढे त्याच देशात लोक मुद्दाम पाणी ठेवायला लागले. तो तहानलेला मेलेला माणूस कुणी परका होता तोवर त्याला बाहेर ठेवायचं, आपला असेल तर त्याच्यासाठी दार उघडं. हा बदल कधी झाला, कुणी केला, एखाद्या घरात कुणाच्या तरी आईनं पहिल्यांदा ते भांडं ठेवलं असेल तेव्हा तिच्या मनात काय असेल, हे मी सारखी मनात घोळवत असते.

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला मी आजींकडे उरलेला ब्रॅक घेऊन गेले होते. खिडकीत माझाच टर्निप होता, चेहरा पार आत गेलेला, त्यांनी टाकला नव्हता. निघताना त्यांनी नळाखाली एक काचेचा ग्लास भरला, पुसला आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीपुढे ठेवला. मी विचारलं, आईची पद्धत का?

"आई भांडं ठेवायची," त्या म्हणाल्या. "ह्यांना ग्लासच लागायचा. रात्री दोनदा उठायचे पाण्याला."